नौपाड्यात फिरा, पण कान उघडे ठेवून!

एखादं गाव पाहायला गेलो की आपण काय करतो? देऊळ पाहतो, तळं पाहतो, भेळ खातो आणि घरी येतो. सगळं काम डोळ्यांचं आणि जिभेचं! कानांना कुणी विचारतच नाही. म्हणून आज मी तुम्हाला एका ठिकाणी नेणार आहे, ते फक्त ऐकायला.

ठिकाण काही फार लांब नाही. ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरायचं आणि चालू लागायचं. गोखले रोड लागला की आलाच आपला नौपाडा! इथे किल्ला नाही, धबधबा नाही. दुकानं आहेत, शाळा आहेत, दवाखाने आहेत आणि जुनी घरं पाडून उभ्या राहिलेल्या उंच इमारती आहेत. मी इथेच लहानाचा मोठा झालो. निघण्यापूर्वी एक प्रश्न मात्र खिशात टाकून ठेवा. पोळी नसेल तर पोट अडतं, छप्पर नसेल तर पावसात हाल होतात. मग सांगा पाहू, गाणं नसतं तर आपलं काय अडलं असतं?

पहिला मुक्काम : लोकलचा डबा

आपली सहल स्टेशनात शिरण्याआधीच सुरू होते. सकाळच्या गर्दीत कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्या एखाद्या लोकलमध्ये तुम्हाला भजनी मंडळी भेटतील. हातात झांजा, कुणाकडे चिपळ्या आणि काहीच नसेल तर डब्याचा पत्रा! उभं राहायला जागा नाही, घामाच्या धारा लागल्यात, ऑफिसात साहेब वाट पाहतोय, आणि ही मंडळी अभंग म्हणताहेत. ठाण्याला पहिली आगगाडी आली 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदरहून. वारकऱ्यांचे अभंग त्याहून कितीतरी जुने. पंढरीच्या वाटेवर चालताना म्हणायचं गाणं गाडीत चढलं आणि तिथेही रमलं. वाट लांब असली, की ती गाण्याने कापायची ही युक्ती तीच!

गंमत म्हणजे ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचलेली नाही. 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी जगभरातल्या 315 मानवसमाजांची माहिती चाळली. गाणं नाही, असा एकही समाज त्यांना सापडला नाही! आणि हे आजकालचंही नव्हे. जर्मनीतल्या 'होले फेल्स' नावाच्या गुहेत 2008 साली गिधाडाच्या हाडाची बासरी मिळाली. तिला बोटांसाठी पाच भोकं आहेत आणि तिचं वय आहे 35 हजार वर्षांहून जास्त. शेती करायला माणूस शिकला त्याच्या हजारो वर्षं आधी तो बासरी वाजवत होता. म्हणजे गाणं ही पोट भरल्यावरची चैन असेल, असं काही वाटत नाही.

दुसरा मुक्काम : पिठाची गिरणी

चला, आता गल्लीत वळू. इथे एक पिठाची गिरणी आहे. तिचा आवाज ऐका. घर्र्र... एकसारखा! त्या आवाजात कुणाला गाता येईल का? छे! साधं बोलायचं तरी ओरडावं लागतं.

माझी आजी मावळातली. लग्न झाल्यापासून तिने पहाटे उठून जात्यावर दळलं. जात्याचाही आवाज घरघरच, पण हाताच्या वेगाने चालणारा. खुंटा पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. त्या फेऱ्याच्या तालावर ओवी म्हणायची. ओव्यांच्या चालीला आजी 'गळा' म्हणायची. "या ओवीचा गळा निराळा हं," असं ती सांगे. दिवसभर घरात तोंड उघडायची सोय नसलेल्या बायका पहाटे जात्यापाशी काय वाट्टेल ते बोलत. भावाची आठवण, माहेरची वाट, विठोबा, सीतेचा वनवास, सासूची तक्रार आणि पुढच्या काळात बाबासाहेब आंबेडकरांच्याही ओव्या. जातं हीच त्यांची वही आणि जातं हीच मैत्रीण!

मग गिरणी आली. बायकांचे हात सुटले, खांदे सुटले. फार चांगलं झालं! आजी म्हणायची, "जात्याचं कौतुक कुणी मला सांगू नये. माझे हात विचारा." पण काम थांबलं आणि त्याच्याबरोबर गाणंही थांबलं. कारण ओवी म्हणायची ती दळताना. उगाच सोफ्यावर बसून ती सुचतच नाही. आता सांगा, हा सौदा नफ्याचा की तोट्याचा? मला तरी याचं सरळ उत्तर देता येत नाही.

तिसरा मुक्काम : पेटीचा क्लास

थोडं पुढे जाऊ. वरच्या मजल्यावरून पेटी ऐकू येतेय ना? सा रे ग म... आणि 'म'वर कुणीतरी अडखळलं! नौपाड्यात संध्याकाळी अशा खिडक्या बऱ्याच सापडतात.

पेटी म्हणजे अगदी आपली, हो ना? भजनाला ती, कीर्तनाला ती, नाटकालाही ती. पण हिचा जन्म पॅरिसचा! अलेक्सांद्र दबॅं नावाच्या कारागिराने 1842 साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती टेबलाएवढी आणि पायाने भाता मारून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकातच तिला हाताचा भाता लावला आणि मांडी घालून बसायला शिकवलं. आपल्याकडे गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने पेटीला मानाचं पान मिळवून दिलं. 1911 सालच्या 'संगीत मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्याच.

पण सगळ्यांना ती आवडली नाही. "हिचे सूर ठोकून बसवलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड हिला येत नाही, ही परकी आहे," असा आक्षेप होता. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर चक्क बंदी घातली! ही बंदी सैल व्हायला 1971 साल उजाडलं. आक्षेप काही खोटा नव्हता बरं का. मींड पेटीला आजही येत नाही. पण लोकांनी ती सोडली नाही. मग 'आपलं' म्हणजे काय? जे इथे जन्मलं ते, की जे आपण इथे रुजवलं ते? क्लासमधल्या त्या अडखळणाऱ्या मुलीला विचारलं, तर ती म्हणेल, "काका, मला आधी हा 'म' जमू दे!"

चौथा मुक्काम : तलावपाळी

आता रमतगमत मासुंदा तलावाकडे निघू. आम्ही त्याला तलावपाळी म्हणतो. काठावर 1978 साली उघडलेलं गडकरी रंगायतन दिसतं. ठाण्याच्या संगीतात एक नाव आदराने घेतलं जातं, ते म्हणजे पंडित राम मराठे यांचं. लहानपणी त्यांनी 'गोपालकृष्ण' या 1938 च्या चित्रपटात कृष्णाचं काम केलं, पुढे 'मंदारमाला'सारखी संगीत नाटकं गाजवली आणि मैफलीही रंगवल्या. 1989 साली ते गेले. ठाणे महानगरपालिका त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते.

गाणाऱ्याचं गाणं ऐकताना सभागृह गप्प असतं. बाहेर मात्र उत्सवाच्या दिवसांत भिंती हादरतात. दहीहंडी, गणपती, वराती! ढोल वाजला की माझेही पाय थिरकतात. खोटं कशाला बोलू? पण त्याच रस्त्यावर दवाखाना असतो, तिथे कुणी तापाने फणफणलेलं असतं. 2000 सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला मनाई आहे. काही ठरावीक दिवशीच सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. आणि डेसिबलचं गणित फसवं असतं हं! आकडा दहाने वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते.

मग गाणं कुठे संपतं आणि गोंगाट कुठे सुरू होतो? मला वाटतं, ऐकणाऱ्याला कान झाकायची, निघून जायची मुभा उरत नाही, तिथे.

शेवटचा मुक्काम : एक कॅसेट

परत फिरताना राम मारुती रोडवरून जाऊ. इथे पूर्वी एक कॅसेटचं दुकान होतं. तिथे थांबलो की मला माझी एक चूक आठवते. ती तुम्हाला सांगायची म्हणूनच खरं तर तुम्हाला एवढं चालवलं.

बाबांनी एकदा आजीच्या ओव्या टेप केल्या होत्या. आजी आमच्याकडे नौपाड्यात राहायला आली, तेव्हा हट्टाने जातंही घेऊन आली होती. ते पलंगाखाली पडून असायचं. बाबांनी ते बाहेर काढलं, मूठभर गहू टाकले. आजी आधी लाजली, मग खुंट्याला हात लागताच गाऊ लागली. साठ मिनिटांची कॅसेट भरली. पुढे आजी गेली.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असत. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही टेप होत नसे. बाबा त्या मोडायला विसरले होते. मी तेव्हा बारा वर्षांचा. रेडिओवर सिनेमातली नवी गाणी लागणार होती आणि मला कोरी कॅसेट मिळत नव्हती. ड्रॉवरमध्ये ही दिसली. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी ती वाजवूनसुद्धा पाहिली नाही. एका बाजूवर टेप केलं, उलटवली आणि दुसऱ्या बाजूवरही केलं.

आजीच्या वर्षश्राद्धाला आत्या, काका सगळे जमले. जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, "चला, आईचा आवाज ऐकू या." त्यांनी बटण दाबलं आणि खोलीत सिनेमाचं गाणं वाजायला लागलं.

कुणी मला रागावलं नाही. आत्या फक्त म्हणाली, "असू दे रे, पोर आहे." बाबांनी कॅसेट बंद केली आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवली. मार बसला असता तर बरं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत आणि 'पारी' या संस्थेच्या संग्रहात त्या ऐकायलाही मिळतात. मी रात्री एकटाच ऐकत बसलो. मुळशी-मावळ भागातल्या बायका गात होत्या. एका ओवीला मी एकदम ताठ बसलो. शब्द वेगळे होते, आवाज वेगळा होता, पण गळा आजीचा! तिची चाल तिची एकटीची नव्हतीच. कितीतरी बायकांनी ती पहाटे पहाटे वापरली होती. थोडं बरं वाटलं. पण आजीचा आवाज त्यात नाही, आणि तिने स्वतः रचलेल्या ओव्याही नाहीत.

तर आता खिशातला प्रश्न बाहेर काढा. गाणं नसतं तर काय अडलं असतं? पोट अडलं नसतं. पण आजी दळताना काय विचार करत होती, हे कुणाला कधी कळलंच नसतं. एवढं मला नक्की सांगता येईल.

आमचं जातं अजून आहे बरं का! इमारत नवी झाली तेव्हा ते खाली बागेत ठेवलं. त्याच्यावर तुळशीची कुंडी आहे. नौपाड्यात आलात तर दाखवीन.

आणि तुमच्यासाठी एक काम. घरी आजी, पणजी, मावशी, शेजारच्या काकू जे कुणी असेल त्यांना गायला सांगा. ओवी, अंगाई, भोंडल्याचं गाणं, आरती, काहीही. आधी त्या म्हणतील, "मला मेलीला कुठे येतं गाणं!" तुम्ही हट्ट सोडू नका. त्यांना विचारून मोबाईलवर टेप करा. त्यांचं नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. एक प्रत दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.

आणि हो, मोबाईलमध्ये जागा कमी पडली म्हणून काही पुसायला निघालात, तर आधी एकदा वाजवून बघा. एवढं माझ्यासाठी कराच.