मंठ्याच्या माथ्यावरचं पुष्य

फाल्गुनात जालन्याहून मंठ्याला निघालं, की वाटूर फाटा येईस्तोवर दोन्ही बाजूंना गहू-हरभऱ्याची काढणी चाललेली दिसते. मंठा तालुक्याचं गाव. पाहुणा आला की लोक त्याला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर बघायला धाडतात. पण माझ्या मते मंठ्यात बघण्यासारखं आहे ते डोक्यावर!

गावाचं अक्षांश साडेएकोणीसच्या जरा पुढे. म्हणून ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर दिसतो, आणि पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ फाल्गुनात रात्री नऊ-दहाच्या सुमारास अगदी माथ्यावरून जातो. उन्हाळ्यात स्वाती तशीच. मार्गशीर्षातल्या कृत्तिकाही माथ्यापासून फार दूर नसतात. ऐकायला छान, पण बघणाऱ्याच्या मानेचं काय?

तोच प्रश्न आमच्या वन्संच्या घरी उभा राहिला होता. त्यांच्या मुलानं पहिल्या पगारातून १५×७० ची बायनॉक्युलर आणली. पंधरा पट मोठं दाखवणारी, सत्तर मिलिमीटरच्या भिंगांची, वजन दीड किलोच्या आसपास. १०×५० ची असती तर हातात धरून भागलं असतं. ही धरली की हात थरथरतात आणि तारे नाचतात. फोटोच्या तिपाईवर लावली, तर क्षितिजाजवळचं छान दिसतं. पण माथ्यावर वळवली की बघणाऱ्याला तिपाईच्या पायांत शिरून मान मोडावी लागते. आणि वन्संच्या सासूबाईंना मणक्याचा त्रास, गळ्याला पट्टा. त्यांनाच बघायची सर्वांत हौस!

“वहिनी, तुम्ही शाळेत भूमिती शिकवता, तुम्हीच सांगा काय घ्यावं,” वन्सं म्हणाल्या.

मैत्रिणींनो, उत्तर खरोखरच भूमितीत होतं. समांतरभुज चौकोन! दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या एकीखाली एक, दोन्ही टोकांना उभ्या तुकड्यांनी बिजागरीसारख्या जोडलेल्या. पट्ट्या वर-खाली केल्या तरी पुढचा तुकडा उभाच राहतो, म्हणून त्यावरच्या बायनॉक्युलरचा कल बदलत नाही. तारा इतका लांब, की दुर्बीण दोन फूट खाली आली तरी तो नजरेतून सुटत नाही. उंच मुलगा उभ्यानं बघेल, आजी आरामखुर्चीत रेलून तेच बघतील. शिवाय तिपाई बाजूला राहते, पायांत शिरायला नको.

तयार मिळतात, पण महाग. भाचा म्हणाला, गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेऊ. मला ते पटलं, मात्र दोन-तीन गोष्टी मी कागदावर लिहून दिल्या. पट्ट्यांची भोकं एकावर एक ठेवूनच पाडायची. अंतरात फरक पडला की चौकोन समांतरभुज उरत नाही आणि तारा सरकतो. सांध्यांत प्लास्टिकचे वॉशर आणि न ढिले होणारे नट हवेत, हलवलं की हलावं, सोडलं की थांबावं. आणि मागचं वजन. दीड किलो टेकूपासून नव्वद सेंटिमीटरवर, तर मागे तीस सेंटिमीटरवर साडेचार किलो, पट्ट्यांचं वजन धरून थोडं जास्तच. व्यायामाच्या डंबेलची चकती चालते. आजारी माणसाच्या डोक्यावर हे झुलणार, तेव्हा चकती निसटणार नाही अशी पिन घालायचीच. फोटोची हलकी तिपाई एवढा भार पेलत नाही. रुंद पायांची मजबूत घडवंची बरी. चौकोनी ॲल्युमिनियम पाइप घेतला, लाकूड पावसाळ्यात फुगतं.

वन्संचे यजमान कुरकुरले, “एवढ्यात पाण्याची मोटर दुरुस्त झाली असती.” खरंच झाली असती.

रात्री गच्चीवर आजींना खुर्चीत रेलवलं. भाच्यानं उभ्यानं पुष्य धरलं आणि दांडी हलकेच खाली आणली. आजींना पुष्य म्हणजे ‘म्हातारा पाऊस’ एवढंच माहीत. आयुष्यभर त्या पावसावर पेरणीचं गणित मांडलेलं, पण नक्षत्र कधी पाहिलेलं नाही. दिसणार तरी कसं? त्या पावसाच्या दिवसांत सूर्यच पुष्यात असतो, नक्षत्र दिवसा उगवून दिवसा मावळतं.

नुसत्या डोळ्यांना तिथे धुरकट डाग दिसतो. गॅलिलिओनं १६१० साली छापलेल्या पुस्तकात तिथे चाळीसाहून अधिक तारे असल्याचं लिहिलंय. सुमारे सहाशे प्रकाशवर्षं दूरचा हा पुंजका.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “राळे सांडलेत गं.”

तारे सरकतात, त्यामुळे पाच-सात मिनिटांनी दुर्बीण थोडी हलवावी लागते. आजींनी ती स्वतःच एका बोटानं हलवली. नातीनं पाळी मागितली, तर म्हणाल्या, “थांब गं, अजून मोजायचेत.”