जुना रायटर काढण्याआधी

“भाऊ, रायटर सीडी घेईना झालाय. नवा टाकून द्या की.”

माझ्या नांदेडच्या दुकानात हे वाक्य आजही महिन्यातून दोन-चारदा कानावर पडतं. आठवड्यातून एकदा लातूरला फेरी असते, तिथंही पडतं. येणारे असतात फोटो स्टुडिओवाले, वकिलांचे कारकून, एखादे निवृत्त गुरुजी. आता सीडी कोण वापरतं, असं विचारणाऱ्यानं नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एक चक्कर मारावी. एमआरआयच्या मोठ्या पाकिटात फिल्मसोबत सीडी घालून हैदराबादच्या गाडीकडे निघालेले नातेवाईक तिथं भेटतील. त्या सीडीतलं चित्र पुढच्या डॉक्टरला दिसलं नाही, तर पेशंटला पुन्हा मशीनमध्ये झोपावं लागतं. म्हणून या हजार-दीड हजाराच्या वस्तूकडे मी फार लक्ष देऊन बघतो.

नवा टाकण्याआधी जुना खरंच गेलाय का, ते पाहायचं. ट्रे बाहेर येत नसेल तर समोरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घालून आत दाबावी. ट्रे बोटभर पुढं सरकतो, मग हातानं ओढता येतो. बऱ्याच रायटरमध्ये ट्रेच्या खाली एक छोटा रबरी पट्टा असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो वर्षानुवर्षं तापतो, ढिला होतो आणि पुलीवर घसरतो. मोटर फिरल्याचा आवाज येतो, ट्रे मात्र जागचा हलत नाही. पट्टा बदलला की काम होतं. दुसरं कारण धूळ. लेन्स तुरीच्या डाळीएवढी असते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन ती अलगद पुसायची. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकीचे कण बसतात. एवढं करूनही सीडी वाचते पण डीव्हीडी वाचत नाही, असं झालं तर बहुतेक लेसर थकलाय. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० चा, असे दोन वेगळे लेसर आत असतात. एक थकला तरी दुसरा चालत राहतो.

मग नवा घ्यायचा. बाजारात लोक आधी कंपनी विचारतात, मग वेग. मी कॅबिनेटचं झाकण काढून आधी मागची बाजू बघतो. रुंद, चपटी, चाळीस भोकांच्या कनेक्टरची पट्टी दिसली तर ते आयडीई. बोटभर रुंदीची सात पिनांची केबल असेल तर साटा. साटाचा नवा रायटर अजून मिळतो. आयडीईचे बनायचे कधीच थांबले. मिळतो तो दुसऱ्या मशीनमधून काढलेला किंवा एखाद्या दुकानाच्या माळ्यावर राहून गेलेला. तो बसवताना मागचा मास्टर-स्लेव्ह ठरवणारा जंपर बघायचा. एकाच पट्टीवर हार्ड डिस्क मास्टर असेल तर रायटर स्लेव्ह हवा. दोन्ही मास्टर राहिले तर बायोसला अनेकदा एकही सापडत नाही, आणि माणूस नव्या रायटरला दोष देत परत येतो.

आयडीईच्या मदरबोर्डवर साटाचा रायटर चालवायला छोटं कन्व्हर्टर कार्ड मिळतं. ते घेताना दिशा नीट सांगावी लागते: मदरबोर्ड आयडीई, रायटर साटा. उलट्या दिशेचं कार्डही दिसायला तसंच असतं. जुन्या एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) साटाची पॉवर पिन नसते, तिथं चार पिनांच्या प्लगवरून जोडणी करावी लागते. यात पैसे वाचवू नका. प्लास्टिक ओतून बंद केलेल्या स्वस्त प्लगमध्ये आतल्या तारा एकमेकींना चिकटून जळाल्याचं मी पाहिलंय. वेगवेगळ्या तारा दाबून बसवलेला प्लग मागा.

लॅपटॉपचं माप वेगळं. तिथं फूटपट्टी घ्यावी लागते, कारण जाडी १२.७ मिलिमीटर किंवा ९.५ मिलिमीटर असते. जाड रायटर बारीक खाचेत जात नाही. बारीक जाड खाचेत बसतो, पण खुळखुळतो. जुन्याची समोरची पट्टी आणि मागची पत्र्याची क्लिप काढून नव्याला लावायची असते, म्हणून जुना दुकानातच सोडून जाऊ नका.

बाहेरचा यूएसबी रायटर सगळ्यात सोपा वाटतो, पण फार जुन्या मशीनवर तो अडतो. डीव्हीडीचा सगळ्यात संथ वेगसुद्धा सेकंदाला सुमारे १.४ एमबी असतो. यूएसबी १.१ ची कागदावरची मर्यादा १.५ एमबी, हाती येतो त्याहून कमी. यूएसबी २.० असली तरी एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात, आणि लिहिताना रायटरला त्याहून जास्त लागू शकतात. दोन प्लगची केबल घ्यावी, आणि कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये लावावी. अशा जुन्या मशीनवरची विंडोज एक्सपी आपण होऊन फक्त सीडी मारते. डीव्हीडीला निरोसारखं सॉफ्टवेअर लागतं. एक्सपीमध्ये वारंवार चुका झाल्या की आयडीईची वाट वेगवान डीएमएवरून संथ पीआयओवर घसरते. मग नवाकोरा रायटरही रखडतो. डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनेल काढून मशीन पुन्हा चालू केलं की वेग परत येतो.

मारताना घाई नको. १६ एक्सची डिस्क मी ८ एक्सवर मारतो, आणि नंतर दुसऱ्या मशीनवर वाचून बघतो. वकिलांच्या कारकुनांना हे मी आग्रहानं सांगतो. आमच्या मराठवाड्यातलाच दाखला आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, या वादात निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण व्हीसीडीवर न्यायालयापुढं आलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावानं तो निकाल ओळखला जातो. मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर प्रतीसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयानं त्यात पक्कं केलं. निकालाची तारीख १४ जुलै २०२०. चित्रीकरणापासून जवळपास सहा वर्षं. कोर्टात दिलेल्या डिस्कला इतकी वर्षं वाचत राहावं लागतं.

लातूरला माझ्या हातून एक चूक झाली, ती इथं लिहितो. गंजगोलाईजवळच्या एका स्टुडिओत पेंटिअम फोरचं मशीन आहे. मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या टेप त्यावरच उतरतात, म्हणून मालक काका ते बदलत नाहीत. रायटर लिहीना झाला होता. मी चांगला दुसरा आयडीई रायटर शोधून बसवला, डिस्क मारून दाखवली, जुना भंगाराच्या खोक्यात टाकला आणि नांदेडची गाडी धरली. अहमदपूर मागं पडलं तेवढ्यात काकांचा फोन आला. “अहो, लग्नाच्या जुन्या डीव्हीडी याच्यात दिसंनात की. साठ आहेत.”

कारण माझ्या लक्षात आलं, पण उशिरा. रायटर म्हातारा होत जातो तसा त्याचा लेसर थोडा सरकतो, थोडा मंदावतो. त्या काळात त्यानं लिहिलेल्या डिस्क काठावरच्या असतात. त्यानं जसं लिहिलं तसंच तो वाचतो, म्हणून त्याला त्या कळतात. दुसऱ्या, अगदी निरोगी रायटरला कळत नाहीत. लिहिणं थांबलं म्हणजे वाचणंही थांबलं, असं मी धरून चाललो होतो. खरं तर लिहायला लेसरला ताकद जास्त लागते, ती आधी संपते. वाचण्यापुरती पुष्कळ दिवस शिल्लक राहते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत गेलो. खोकं अजून भंगारवाल्याकडे गेलं नव्हतं. जुना रायटर पुसला, पट्टा बदलला, वेग कमीत कमी ठेवून एक डिस्क घातली. बराच वेळ नुसती घरघर. मग पडद्यावर मांडव दिसला, मुंडावळ्या दिसल्या. काका खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांनी नवरीचं नाव घेतलं आणि म्हणाले, “हिची मुलगी आता दहावीला आहे.”

तेव्हापासून रायटर बदलायचं काम आलं की मी आधी विचारतो: याच्यावर मारलेल्या डिस्क किती आहेत, आणि त्या दुसरीकडे चालवून बघितल्यात का? उत्तर मिळेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.

त्या साठांपैकी अडतीस डिस्क हार्ड डिस्कवर उतरल्या. एकेकीला कधी तीन-तीन तास लागतात, मधूनच रायटरला थंड होऊ द्यावं लागतं. काकांच्या परवानगीनं तो आता नांदेडला माझ्या टेबलावर, कॅबिनेटच्या बाहेर, लाकडी फळीवर आडवा ठेवलाय. वर पांढरी चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलंय: लातूर, बावीस बाकी, हलवू नये.