मी नघितो!

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईचे उरलेसुरले श्रवणही गेले. तेव्हापासून कामोठ्यातील आमच्या घरात दोन भाषा नांदू लागल्या. तिची बोलण्याची आणि माझी हातवाऱ्यांची. कॉलेजास निघताना मी दाराकडे बोट करावे, घड्याळावर परतण्याची वेळ दाखवावी आणि मानसरोवर स्थानकाची वाट धरावी. तिला काय उमगले, याची विचारपूस मी फारशी करीत नसे.

एका रविवारी मात्र मनाने उचल घेतली. मी पडलो गणिताचा प्राध्यापक. १९९० च्या सुमारास टर्बो सी वापरून पडद्यावर अक्षरे काढण्यास मी शिकलो होतो. ‘आउटटेक्स्टएक्सवाय’ या आज्ञेला डावीकडून किती, वरून किती आणि मजकूर कोणता एवढे सांगितले, की इंग्रजी अक्षरे निमूटपणे रांगेत उभी राहत. आजच्या तशाच एका आज्ञासंग्रहाच्या साहाय्याने आईसाठी ठळक अक्षरांची पाटी करावी, असे मी ठरविले. तासाभरात काम झाले. तिला पडद्यासमोर बसवून मी पहिले वाक्य उमटविले, ‘आई, मी निघतो. रात्री येतो.’

तिने चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचले, “आई, मी नघितो.” पुढच्या शब्दात पाय मोडका त आणि त्याच्यापासून फटकून उभी राहिलेली री पाहून ती हसली. “अरे, तुझ्या यंत्राची बाराखडी राहिलेली दिसते!”

दोष यंत्राच्या स्मरणशक्तीचा नव्हता. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून देवनागरी चिन्हे तीत उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. ‘नि’ म्हणजे आधी न आणि मग पहिली वेलांटी. डोळ्यांना मात्र ती वेलांटी न च्या आधी दिसावी लागते. माझी भोळी आज्ञा एकामागून एक चिन्ह मांडीत गेली, आणि न च्या मागून आलेली वेलांटी शेजारच्या घ ला जाऊन बिलगली! साठवण आणि दर्शन यांच्यामध्ये जुळणी करणारा कोणीतरी लागतोच. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्यात ते काम खिळे जुळविणाऱ्याचे होते. पडद्यावर ते ‘हार्फबझ’सारखा आज्ञासंग्रह करतो. तो वेलांटी मागची पुढे नेतो, टंकात लिहून ठेवलेले नियम पाहून त आणि र यांचा त्र करतो आणि मगच अक्षरे रेखाटण्यास देतो.

दुसऱ्या रात्री मी ही जुळणी बसविली. पण झोप येईना. माझ्या मनातले सारे काही जागच्या जागी आहे, तेव्हा ते आईला पोहोचतच असणार, असे मी इतके महिने धरून चाललो होतो. त्या आज्ञेहून माझा भोळेपणा वेगळा तो काय?

सकाळी पडद्यावर निर्दोष अक्षरे उमटली. आईने ती वाचली आणि म्हणाली, “तू निघतोस हे मला दिसतेच रे. तिकडे काय करतोस, मुलांना काय शिकवतोस, ते लिही की.”

मी खुर्ची ओढून बसलो आणि लिहू लागलो. त्या दिवशी माझी नेहमीची गाडी चुकली.