कूलरचं पाणी फेकणं इसराफ आहे का?

अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की घरात कूलरशिवाय दुपार निघत नाही. नळ मात्र चार-पाच दिवसांनी येतो. मधल्या दिवसांत बोअरचं खारं पाणी. म्हणून दर जुम्मेरातीला मी कूलरची टाकी रिकामी करायला घेतली की आमच्या सासूबाई हटकतात, "दुल्हन, इतना पानी फेंक रहे? इसराफ है."

त्यांचं म्हणणं वरवरचं नाही. वाहत्या नदीकाठी वजू करतानासुद्धा पाणी जपून वापरावं अशी आपली शिकवण आहे. म्हणून त्यांच्यासमोर हिशेबच मांडला. टाकी 50 लिटरची, आणि दिवसाला साधारण तेवढंच पाणी उडून जातं. पण उडतं ते फक्त पाणी. क्षार टाकीतच राहतात. (सातवीच्या वर्गात हे शिकवताना मी तव्यावर चमचाभर बोअरचं पाणी आटवून दाखवते. पांढरा डाग मागं राहतो, मुलं लगेच समजतात.) आठवडाभर नुसतं वरून भरत गेलं, तर 50 लिटर पाण्यात 400 लिटरचे क्षार गोळा होतात. तेच गवतावर पांढरे थर होऊन बसतात, पंपाची जाळी बुजते, गवत नीट भिजत नाही आणि कूलर गरम हवा फेकतो. मग लोक म्हणतात, मोटर गेली. 400 लिटरमधले 50 लिटर काढून टाकायचे, बाकीचं वाचवायचं, असा हा व्यवहार आहे. काढलेलं पाणीही अंगण आणि संडास धुवायला जातं. कुंड्यांना मात्र घालू नये, क्षारांनी पानांच्या कडा करपतात.

वास येतो म्हणून टाकीत अत्तर किंवा फिनाईल टाकणारे आहेत, डासांसाठी रॉकेल ओतणारेही आहेत. कूलरच्या पाण्यात जे मिसळाल तेच खोलीभर श्वासात जाणार, एवढं तरी लक्षात घ्यावं. वास येतो तो साचलेल्या बुळबुळीचा. ती ब्रशनेच जाते.

आणि आठवडा हा मुक्काम मी सोयीसाठी ठरवलेला नाही. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथंच. भिंत घासावीच लागते.

खरा धोका जूनमध्ये, पहिला पाऊस पडून कूलर बंद झाल्यावर. तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि तळाशी चार बोटं पाणी राहतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यात एकाच घरातल्या दोन पोरांना डेंग्यू झाला, धाकटीला सलाईनवर ठेवावं लागलं. अल्लाहच्या मेहरबानीने दोघं बरी झाली. त्यांच्या खिडकीतला कूलर मेपासून तसाच होता. त्यांच्यावर बोट ठेवावं असं मला वाटत नाही, त्या गल्लीत तसे आणखी सहा होते.

घरचा कूलर निदान घरच्यांचा असतो. मस्जिदीतले चार मोठे कूलर कोणाचे? जोहरला सगळे त्यांच्यासमोर सफ धरतात, टाकीत डोकावत कोणी नाही. यंदा मोअज्जिन साहेबांनी दहावीच्या चार मुलांना कामाला लावलंय. जुम्मेरातीला असरनंतर पाणी काढायचं, भिंती घासायच्या, जुम्याला नवं पाणी. पावसाळ्याआधी गवत काढून टाकी वाळवून उपडी ठेवायचं काम अजून बाकी आहे.