खांद्याचें दुखणें आणि त्याचें माप

आमच्या घरांतून दुखण्यांची एक प्रतवारी ठरलेली असते. ताप हें दुखणें खरें, कारण तो थर्मामीटरावर दिसतो. हाड मोडणें त्याहूनही खरें. त्याला प्लास्टर असतें आणि येणाऱ्याजाणाऱ्यानें त्याची विचारपूस करावयाची असते. खांदा आखडणें मात्र या प्रतवारींत कोठेंच बसत नाहीं. सूज नाहीं, जखम नाहीं. क्ष-किरणांचें छायाचित्र काढलें तर तेंही बहुधा निर्दोष निघतें. आणि तरीही जिचा खांदा आखडला तिला वेणी घालतां येत नाहीं, पोलक्याच्या बाहींत हात घालतां येत नाहीं, फळीवरची बरणी काढतां येत नाहीं आणि रात्रीं त्या कुशीवर वळतां येत नाहीं. घरांत दहाबारा माणसें असलीं म्हणजे यांतलें पुष्कळसें काम दुसरें कोणी तरी उरकून टाकतें. म्हणूनच कीं काय, एकत्र कुटुंबांत हें दुखणें फार उशिरां ध्यानांत येतें.

माझा उजवा खांदा गेल्या वर्षीं आषाढांत धरला. येथें पालमला जे जे उपाय सुचतात ते सारे झाले: तीळतेल झालें, निर्गुडीचा शेक झाला, उशी बदलून झाली. अखेर डॉक्टरांकडे गेलें तेव्हां त्यांनीं खांद्याला हात लावण्यापूर्वीं रक्तांतील साखर तपासून आणावयास सांगितलें. मला हें चमत्कारिक वाटलें. परंतु त्यामागें कारण होतें. हा विकार चाळीस ते साठ या वयांत, पुरुषांपेक्षां स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत तर इतरांच्या कित्येक पटींनीं अधिक आढळतो. माझी साखर वाढलेली निघाली. खांदा धरला नसता तर ती आणखी किती वर्षें गुपचूप वाढत राहिली असती कोण जाणे!

खांद्याची खोबण उथळ असते. म्हणून तर हात इतक्या दिशांना फिरतो. या सांध्याभोंवतीं एक सैल पिशवी असते. ती जाड होऊन आक्रसली कीं सांध्याची जागाच कमी होते. मग हात आपण उचलूं म्हटलें तरी उचलत नाहीं आणि दुसऱ्यानें उचलूं म्हटलें तरीही उचलला जात नाहीं. ही दुसरी खूण महत्त्वाची आहे. नुसता स्नायू दुखावला असेल तर दुसऱ्याच्या हातानें तो बराच वर जातो. आपल्याकडे सुश्रुतानें अवबाहुक या नांवानें वर्णिलेला वातविकार याच्या जवळचा आहे. खांद्याचीं बंधनें वायूमुळें शुष्क होतात, असें त्याचें सांगणें. पश्चिमेकडे बोस्टनचे शस्त्रवैद्य कॉडमन यांनीं १९३४ सालीं याला ‘गोठलेला खांदा’ हें नांव दिलें आणि त्याच वेळीं स्वच्छ सांगून टाकलें कीं, याची व्याख्या करणें कठीण, याचा उपचार कठीण आणि याचा उलगडाही कठीण. इतका प्रामाणिकपणा वैद्यकाच्या ग्रंथांत नेहमीं आढळत नाहीं.

हें दुखणें साधारणपणें तीन टप्प्यांनीं जातें. पहिले कांहीं महिने वेदना फार. पुढें वेदना ओसरते पण हात जखडतो. आणि मग तो हळूहळू सुटूं लागतो. सगळें मिळून वर्ष-दोन वर्षें सहज जातात, कधीं अधिकही. पहिल्या टप्प्यांत सांध्यांत स्टिरॉइडचें इंजेक्शन दिल्यास कित्येकांना आराम पडतो. मात्र मधुमेह असेल तर त्यानंतर कांहीं दिवस साखर चढते, हें आधीं विचारून घ्यावें.

आतां फिजिओथेरपीविषयीं. आपल्या देशांत या विद्येची पहिली शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५३ सालीं सुरू झाली, तीही पोलिओच्या साथीनंतर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें. त्यापूर्वीं हाडवैद्य किंवा तालमींतले वस्ताद हेच आमचे तज्ज्ञ, आणि ओढून, मुरगाळून, कट् असा आवाज काढणें ही त्यांची रीत. शाळा निघून सत्तर वर्षें झालीं, तरी ती रीत लोकांच्या मनांतून गेलेली नाहीं. मी पहिल्यानें जेथें गेलें तेथें माझा हात धरून असा कांहीं वर रेटला कीं डोळ्यांपुढें काजवे चमकले. ‘दुखल्याशिवाय सुटत नाहीं’ असें वर सांगण्यांत आलें. त्या रात्रीं, आणि पुढच्या दोन्ही रात्रीं, मी भिंतीला टेकून बसून होतें.

घरांत मात्र या पद्धतीला मान्यता होती. भावोजी म्हणाले, ‘वहिनी, औषध कडू असतें तेंच लागू पडतें.’ सासूबाई म्हणाल्या, ‘सोसावें लागतें.’ यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. आमच्या घरांत सोसणें हें एक व्रत मानलेलें आहे. एकादशीचा उपास जसा पोटांत कालवूं लागला म्हणजे अधिक फळतो, तसाच व्यायामही अश्रु आल्यावर अधिक फळत असावा, असा साऱ्यांचा सरळ हिशेब. आणि तो केवळ आमच्या घरचा नाहीं. पाटी-पेन्सिलीच्या काळांत छडीविषयींही हेंच बोलत असत.

परंतु सांध्याच्या पिशवीला व्रतवैकल्यें कळत नाहींत. नेदरलंड्समध्यें ७७ रोग्यांवर झालेला एक अभ्यास २००४ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना दुखण्याची मर्यादा ओलांडून जोराचा व्यायाम दिला. इतरांना वेदना होणार नाहीं इतपतच हालचाल करावयास सांगितली. दोन वर्षांनीं पाहिलें तेव्हां सौम्य व्यायाम करणाऱ्यांपैकीं ८९ टक्क्यांचा खांदा जवळजवळ पूर्ववत् झाला होता. जोरानें व्यायाम करणाऱ्यांत हें प्रमाण ६३ टक्केच होतें. एका अभ्यासावरून शास्त्र ठरत नाहीं हें खरें, आणि वेदना ओसरल्यानंतरच्या जखडलेल्या टप्प्यांत थोडा ताण द्यावाच लागतो, हेंही खरें. तरी रडविल्यावांचून गुण नाहीं, ही समजूत या आंकड्यांपुढें टिकत नाहीं.

दुसऱ्या ठिकाणीं एक तरुण मुलगी होती. तिनें हाताला स्पर्श करण्यापूर्वीं विचारलें, ‘काकू, शून्य म्हणजे अजिबात नाहीं आणि दहा म्हणजे असह्य, आतां किती?’ मला उत्तर देतां येईना. पन्नास वर्षांत ‘फार नाहीं’ आणि ‘असूं द्या’ यांपलीकडे दुखण्याचें माप मला कोणी विचारलें नव्हतें. तिनें नियम घालून दिला: व्यायाम करतांना तीन-चारपर्यंत दुखलें तर चालेल, ओढ लागल्यासारखें, पसरट दुखणें असावें आणि तें थोड्या वेळांत निवावें. सुरीसारखी कळ आली तर तेथेंच थांबावयाचें. रात्रीं झोपमोड झाली तर आजची मात्रा अधिक झाली असें समजून उद्यां कमी करावयाची. बंद मात्र करावयाची नाहीं. आणि मुंग्या येत असतील, बोटें बधिर होत असतील, किंवा घाम सुटून छातींत व डाव्या खांद्यांत दाटत असेल, तर तें या दुखण्यांतलें नव्हे, ताबडतोब डॉक्टरांकडे जावें.

व्यायाम म्हणावे तर अगदीं साधे. आधीं शेक. मग डावा हात टेबलावर टेकून कमरेंत वांकावयाचें, उजवा हात घंटेच्या लोलकासारखा सैल सोडावयाचा आणि त्याचीं लहान वर्तुळें करावयाचीं. ही युक्तिही कॉडमन यांचीच. नंतर भिंतीवर बोटांनीं चढणें, आणि दोन्ही हातांत काठी धरून दुखरा हात चांगल्या हातानें बाहेर ढकलणें. वर्तुळें काढतांना मला जात्याची आठवण होते. गंगाखेड येथून जवळच. जनाबाईंचें गांव म्हणून तें सर्वांस ठाऊक आहे, आणि तिकडच्या कथांतून जातें वेगळें काढतांच येत नाहीं. आमच्या बायकांचे खांदे दळणानें शाबूत राहत असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. दळणाच्या कष्टांची ही स्तुति बहुधा त्यांच्याच तोंडीं असते ज्यांनीं कधीं दळलेलें नाहीं.

खरी अडचण वेदनेची नव्हतीच. ती वीस मिनिटांची होती. दिवसांतून दोनदां, वीस मिनिटें, कोणीही हांक न मारतां! भिंतीशीं उभी राहिलें कीं कोणाला तरी किल्ली हवी असे, कोणाचा डबा राहिलेला असे, कुकरच्या शिट्या मोजावयाच्या असत. शेवटीं धाकट्या जाऊबाईंनीं तोड काढली. सकाळीं सातला व रात्रीं आठला त्या माझ्या खोलीबाहेर बसत आणि येईल त्याला परत पाठवीत. पुतण्यानें भिंतीवर पेन्सिलीनें खुणा केल्या. बोटें जेथवर पोंचत तेथें तारीख घाली. कार्तिकांत तीन आठवडे खूण तेथेंच होती. मार्गशीर्षांत ती चार बोटें चढली.

त्या खुणा एके दिवशीं सासूबाई न्याहाळीत उभ्या होत्या. त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाहीं, हें मी या घरांत आल्यापासून पाहत होतें. तें त्यांच्या चालण्या-बोलण्यासारखें त्यांचेंच कांहीं असावें, असें आम्ही सारे धरून चाललों होतों. त्या म्हणाल्या, ‘मलाही असेंच झालें होतें. तुझे दीर तेव्हां दुसरींत होते. वर्षभर झोप नव्हती.’ मीं विचारलें, ‘बाई, मग कोणाला सांगितलें नाहीं?’ त्यांनीं जरा विचार केला. ‘कोणीं विचारलें नाहीं,’ त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेस मी त्यांना बरोबर घेऊन गेलें. इतक्या वर्षांनीं हात पुरता सुटेल अशी आशा त्या मुलीनें दिली नाहीं, आणि खोटी दिली नाहीं हें मला आवडलें. तिनें त्यांनाही शून्य ते दहा विचारलें. सासूबाईंनीं तिला उलट विचारलें, ‘आजचें सांगूं कीं तेव्हांचें?’

भिंतीवर आतां दोन रांगा आहेत. त्यांची रांग दाराच्या कडीच्या थोडी वर थांबली आहे. माझी बरणीच्या फळीला टेकली आहे. पोलक्याचीं मागचीं बटनें मात्र अजून जाऊबाईच लावतात.