तहानलाडू आणि भूकलाडू

लहानपणी ऐकलेल्या कहाण्यांतला राजपुत्र दूरदेशी निघाला की त्याच्याबरोबर तहानलाडू आणि भूकलाडू हमखास बांधून दिलेले असत. त्या लाडवांत नेमके काय असते, हे कोणत्याही आजीने आम्हांला सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. पुढे साहित्य शिकवण्याच्या व्यवसायात पडल्यावर शिदोरी, पाथेय यांसारख्या शब्दांची प्रतिमा म्हणून चिकित्सा पुष्कळ केली. परंतु पंचेचाळिशीनंतर लांब पल्ल्याचे धावणे सुरू केले, तेव्हा हेच शब्द वजन होऊन आमच्या कमरेला लागले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हे शाळेतच शिकलो होतो. पण ते खरोखर कळले ते सातारच्या यवतेश्वराच्या घाटात.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे. एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात वीस वर्षे शेजारच्या खुर्च्यांवर बसलेले. पुढे जे घडले ते आमच्यापैकी एकाला घडले आणि दुसऱ्याने घडवले. कोणाला आणि कोणी, हे सांगण्याचे आम्ही टाळणार आहोत, कारण त्या दिवसापासून आम्हांलाही ती वाटणी तितकीशी स्वच्छ वाटत नाही.

जानेवारीतील मुंबईच्या मॅरेथॉनसाठी २०१७ च्या ऑक्टोबरात ३२ किलोमीटरांचा सराव ठरला होता. यवतेश्वराचा घाट चढून कासच्या दिशेने १६ किलोमीटर जायचे आणि परतायचे. अशा धावण्याची तयारी आदल्या रात्री सुरू होते. कमरपट्ट्यात लहान बाटल्या, पाठीवरच्या पिशवीत दीड लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, खजूर, उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी, आणि पाकिटातले ते चिकट जेल, ज्याला चव म्हणावी असे काही नसते. यामागचा हिशेब साधा आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, आणि मग पाय आपले राहत नाहीत. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जात राहिली पाहिजेत. आमच्यातल्या एकाच्या आईने या हिशेबाला न जुमानता शेंगदाणे-गुळाचे चार लाडूही बांधून दिले होते. धावताना शेंगदाण्याची चरबी पचायला जड, हे तिला सांगण्याची आमची छाती झाली नाही.

सातारकरांना नळाने मिळणाऱ्या पाण्याचा एक वाटा कासच्या तलावातून येतो. पठारावरून उताराने खाली शहरात. म्हणजे डोंगराने स्वतःहून खाली धाडलेले पाणी आम्ही पाठीवर घेऊन, धापा टाकत, पुन्हा डोंगरावर नेत होतो. या विनोदावर त्या पहाटे आम्ही खूप हसलो.

आमच्यातला एकजण स्वभावाने दूरदृष्टीचा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण त्याने आयुष्यभर पाळलेली. विद्यार्थ्यांना तो परीक्षेआधी दोन महिने टिपणे देतो. धावण्याच्या पुस्तकांतून त्याला आपल्या स्वभावाचेच समर्थन सापडले होते: तहान लागेपर्यंत थांबू नका, तहान लागली म्हणजे उशीर झाला. त्यामुळे दर किलोमीटरला "घे रे, घोटभर घे" आणि त्यावर "घेतो रे बाबा" हा संवाद चालू होता. दुसरा भिडस्त. मित्र प्रेमाने देतो आहे तर नाही कसे म्हणायचे, म्हणून तो पीत गेला. वाटेतल्या टपऱ्यांवर दोनदा पिशवी भरून घेतली. आमची गती बेताची, पावणेपाच तासांची. त्यामुळे पिण्याला वेळही भरपूर.

परतीच्या घाटात तो बोलेनासा झाला. बोटे सुजली, अंगठी रुतू लागली. मळमळ, डोकेदुखी. मग त्याने विचारले, "आज तास कितवा आहे आपला?" रविवार होता. आम्ही समजलो, पाणी कमी पडले. दुसऱ्याने घाईघाईने आणखी अर्धा लिटर मीठ-साखरेचे पाणी त्याच्या गळी उतरवले.

रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न वजनाचा केला. सरावाआधी वजन करण्याची आम्हांला सवय होती, म्हणून उत्तर तयार होते. पावणेपाच तास धावून, घाम गाळून, त्याचे वजन दीड किलोने वाढले होते. रक्तातले सोडियम १२२ निघाले. ते १३५ ते १४५ असायला हवे. या अवस्थेला हायपोनेट्रेमिया म्हणतात. दीर्घ श्रमांत शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक सोडत राहते. मूत्रपिंडे जादा पाणी टाकू शकत नाहीत. रक्त पातळ होते, आणि ते पाणी पेशींत शिरून मेंदूला सूज आणते. मीठ-साखरेचे पाणीही तारत नाही, कारण त्यातले मीठ रक्तातल्या मिठाच्या मानाने फारच थोडे असते. उपचार म्हणून तीव्र मिठाचे सलाईन बेताने देण्यात आले आणि पाणी पूर्ण बंद. मित्राच्या उशाशी बसून, तो पाणी मागत असताना त्याला ते न देणे, एवढेच काम दुसऱ्याकडे उरले.

मराठीत 'पाणी पाजणे' याचा एक अर्थ पराभव करणे असा होतो. हा वाक्प्रचार आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्यातला 'पाजणारा' शत्रू असतो, असे गृहीत धरून.

नंतर वाचत गेलो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले आणि तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या १३ टक्क्यांचे सोडियम उतरलेले होते. धावताना वजन वाढणे आणि चार तासांहून अधिक वेळ लागणे, ही त्याची ठळक लक्षणे. म्हणजे आमच्यासारखेच संथ आणि सावध लोक. याच्या अगदी उलट टोक १९०४ सालच्या सेंट लुईस ऑलिंपिकचे. ऑगस्टचे ऊन, धुळीचा रस्ता, आणि वाटेत पाणी जवळपास नाहीच. ३२ जण निघाले, १४ पोहोचले. विजेत्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी पाणी नाकारून स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी दिली. साधारण शंभर वर्षांत माणूस तहानेला न जुमानण्यापासून तहानेची वाटच न पाहण्यापर्यंत आला. दोन्हीकडे तहानेवर विश्वास नाही, एवढे साम्य मात्र राहिले.

तेव्हा ती म्हण खोटी का? आम्हांला तसे वाटत नाही. विहीर आधी खणावीच. पाणी पाठीवर न्यावेच, कारण घाटात ते मिळेलच याचा भरवसा नाही. पण खणली म्हणून उपसत राहू नये. उपसायचे ते तहान लागल्यावर, आणि ज्याची तहान त्याने. कहाणीतल्या राजपुत्राला लाडू बांधून देणारे पुढे त्याच्या मागे धावत नाहीत, हे इतकी वर्षे ती कहाणी ऐकूनही आमच्या ध्यानात आले नव्हते.

मित्र तिसऱ्या दिवशी घरी आला. त्या जानेवारीत आम्ही मुंबईला गेलो नाही. पुढच्या पावसाळ्यापासून पुन्हा धावू लागलो, आणि आजही धावतो. आता ज्याचे पाणी त्याच्याच पाठीवर असते. "घे रे" हे दोन शब्द आमच्यात बंद झाले आहेत. वीस वर्षांच्या सवयीचे शब्द असे गिळणे सोपे नाही. घाटात शेजारच्याचा श्वास जड झालेला ऐकू येतो, जीभ उचलते, आणि आम्ही गप्प राहतो. क्वचित दुसराच म्हणतो, "ठीक आहे मी." मग दोघेही थोडे सैल होतो.

आई अजून लाडू देते. ते आम्ही धावताना खात नाही. घाट उतरल्यावर, पोवई नाक्यावर चहाबरोबर खातो. बाटलीत पाणी बहुधा उरलेले असते. ते ओतून न देता घरी परत आणतो.