मत्स्यविनोद

अवर्षणाच्या मुलखांत राहणाऱ्या माणसाला माशाची ओळख बहुधा पोथींतूनच होते. आमच्या पाथर्डीचें तसेंच आहे. अहमदनगर, म्हणजे आतांच्या नांवानें अहिल्यानगर, जिल्ह्याच्या पूर्व भागांत गर्भगिरीच्या डोंगरांजवळ वसलेलें हें गांव. पावसाळ्यांत ओढे भरतात, आणि थंडी सरतां सरतां पात्रांत वाळूच उरते. परंतु माशाचें नांव मात्र आमच्याकडे मोठें. मढीस कानिफनाथांची समाधि, आणि तेथून जवळच डोंगरांत मायंबा येथें मच्छिंद्रनाथांची. माशाच्या उदरांत असतांना ज्यांनीं शिवपार्वतींचा संवाद ऐकला, त्या नाथांची कथा आमच्याकडील मुलांना शाळेंत जाण्यापूर्वींच ठाऊक असते. शिवाय दशावतारांतील पहिला अवतार मत्स्याचा. मनूच्या ओंजळींत आलेली इवलीशी मासोळी ‘मोठ्या माशांपासून माझें रक्षण कर’ म्हणून विनविते, ही गोष्ट आमच्या मातुःश्री आजही पतवंडांना सांगतात. तात्पर्य, आमच्या घरांत मासा हा एक तर गुरु, नाहीं तर अवतार. तो पानांत कधीं आला नाहीं आणि गळाला लागलेला तर कोणी पाहिलाही नव्हता.

अशा घरांत दोन वर्षांपूर्वीं मेलबोर्नहून एक छायाचित्र आलें. आमच्या धाकट्या बंधूंचा चिरंजीव तेथें अभियंता आहे. नदीच्या कांठीं गुडघाभर चिखलांत तो उभा, दोन्ही हातांवर हिरवट ठिपक्यांचा एक मोठा मासा, आणि चेहऱ्यावर परीक्षेंत पहिला आल्याचा आनंद! ओसरीपासून माजघरापर्यंत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. थोरल्या वहिनींना काळजी ती खाण्याची. त्यांनीं दूरध्वनीवर विचारतांच तो म्हणाला, “नाहीं काकू, खात नाहीं. धरतों आणि सोडून देतों.” वहिनींचें समाधान झालें, मातुःश्रींचें झालें नाहीं. नव्वदी ओलांडलेल्या त्या बाईनीं चष्मा पुसून चित्र पुन्हां पाहिलें आणि एवढेंच विचारलें, “सोडायचाच होता, तर धरला कशाला?”

गेल्या डिसेंबरांत आम्हां उभयतांना तिकडे जाण्याचा योग आला, तेव्हां हा प्रश्न आम्हीं सामानाबरोबरच घेतला होता.

मेलबोर्नच्या उत्तरेस मोटारीनें दोनअडीच तास गेलें म्हणजे शेपर्टन नांवाचें शहर लागतें. तेथून गोलबर्न नदी वाहते आणि पुढें एचूका गांवाच्या अलीकडे मरे या महानदीला मिळते. एचूका या मूळच्या नांवाचा अर्थच ‘पाण्यांची भेट’ असा सांगतात. आपण त्याला संगम म्हटलें असतें आणि घाट बांधून देऊळ उभारलें असतें. तेथें देऊळ नाहीं. पण कांठावर जुनाट निलगिरीचे, ज्यांना ते लोक ‘रेड गम’ म्हणतात असे, प्रचंड वृक्ष आहेत. त्यांचीं खोडें नदींत कोसळून पडतात आणि त्या खोडांच्या पोकळ्यांत मरे कॉड हा मासा राहतो. त्या खंडांतील गोड्या पाण्याचा हा सर्वांत मोठा मासा. पूर्वीं आगबोटींना अडथळा होतो म्हणून हीं खोडें ओढून काढीत. माशाचें घरच त्यामुळें गेलें. आतां सरकार आणि गळाचे शौकीन मिळून कित्येक ठिकाणीं खोडें पुन्हां पाण्यांत सोडीत आहेत.

पहांटे नदीवर पोंचल्यावर चिरंजीवानें पिशवींतून प्रथम काढला तो गळ नव्हे, तर परवाना आणि एक लांब मोजपट्टी! व्हिक्टोरिया राज्यांत अठरा वर्षांपासून एकोणसत्तर वर्षांपर्यंतच्या माणसाला गळ टाकण्यास सामान्यतः परवाना लागतो, आणि त्याचा पैसा या छंदाच्या सुधारणेकरितां वेगळा ठेवलेला असतो. मरे कॉड ५५ सेंटिमीटरहून लहान असला तर परत सोडावा. ७५ हूनही मोठा असला तरी सोडावा. लहान अद्याप प्रजेस समर्थ झालेला नसतो, आणि मोठी मादी सर्वांत अधिक अंडीं घालते, हें त्यांतील मर्म. शिवाय १ सप्टेंबरपासून ३० नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे विणीच्या ऋतूंत, बहुतेक नद्यांवर त्याला धरण्याची बंदीच. आम्ही गेलों तेव्हां ही बंदी नुकतीच उठली होती.

चार तास कांहीं घडलें नाहीं. ते चार तास आमच्या मनांत मात्र राहिले आहेत. या मुलाला घरीं असतांना जेवणाच्या पानावरही खिशांतलें यंत्र पाहिल्यावांचून राहवत नसे. येथें तो दगडासारखा स्वस्थ बसला होता. पाणी कोणत्या बाजूस वळतें, कोणता पक्षी केव्हां ओरडतो, वारा फिरला म्हणजे काय होतें, हें सारें तो हलक्या आवाजांत सांगत होता. आपल्या गांवच्या एका ओढ्याविषयीं तरी त्याला एवढी माहिती होती काय, असा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

मग दोरी ताणली. कॉड लागला होता. मोजला तो ४८ भरला. हात ओले करून त्यानें तो धरला, कारण कोरड्या हातानें माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघून जातें व त्याला रोग जडतो. बिनकांट्याचा गळ होता, तो अलगद सुटला. पाण्यांत धरून ठेवल्यावर माशानें क्षणभर दम घेतला आणि शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशी तो दिसेनासा झाला. त्या मुलाच्या वागण्यांत क्रौर्य नव्हतें, हें आम्ही शपथेवर सांगूं.

दुसरा मासा लागला तो कार्प. युरोपांतून आणलेला हा मासा तेथें उपद्रवी ठरला आहे. तो तळचा चिखल ढवळतो आणि मूळच्या जातींचें जिणें अवघड करतो. तो जिवंत बाळगणें अथवा सोडणें हा त्या राज्यांत गुन्हा आहे. चिरंजीवानें आमच्याकडे पाहिलें, आणि “काका, तुम्ही जरा त्या झाडाकडे जाऊन या,” असें म्हणाला. आम्ही गेलों. परत आलों तेव्हां काम उरकलें होतें. पण मघाचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता.

त्या रात्रीं मोकळेपणानें बोलणें झालें. आम्हीं मातुःश्रींचा प्रश्न जसाच्या तसा पुढें ठेवला. तो म्हणाला, “काका, गळाची काठी हातांत नसती, तर मी या नदीवर आलोंच नसतों. आणि जे येतात, त्यांनाच नदीचें दुखणें कळतें.” त्याचें म्हणणें पोकळ नव्हतें. २०१८-१९ च्या उन्हाळ्यांत डार्लिंग नदीवर मेनिंडी येथें लक्षावधि मासे पाण्यांतील प्राणवायु संपल्यामुळें मेले. त्यांत कित्येक दशकें जगलेले कॉडही होते. मार्च २०२३ मध्यें तेथेंच पुन्हां तसा प्रकार झाला. दुष्काळ, वरच्या अंगास उपसलें जाणारें पाणी, शेवाळ, हीं कारणें ऐकून पाथर्डीच्या माणसाला परकें असें कांहींच वाटलें नाहीं. व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्येस बुज बिम येथें तेथील मूळच्या गुंडिजमारा लोकांनीं दगडी पाट व बांध रचून वामेसारखे लांब मासे सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वींपासून पाळले; २०१९ सालीं ती जागा जागतिक वारसा ठरली. पाणी आणि मासा यांचा हिशेब ठेवणें ही आजची कल्पना नव्हे.

आपल्याकडेही ती नवी नाहीं. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत ठराविक तिथींना मासे मारूं नयेत व विकूं नयेत अशी आज्ञा आहे. उलट पक्षीं कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रांतील बायका कांडतांना ओव्या गातात, असा उल्लेख ज्यांत आहे तोच हा ग्रंथ. त्याच्या विनोदविंशतींत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरणच आहे. काठी कशी असावी, दोर कसला वळावा, कोणत्या माशास कोणतें आमिष रुचतें, हें राजानें बारकाईनें लिहिलें आहे. तेव्हां हा छंद केवळ साहेबाचा, असें म्हणण्याची सोय नाहीं. पण या दोहोंहून आम्हांला जवळची वाटते ती तिसरी रीत. महाडजवळ वाळणकोंडींत आणि वाड्याजवळ वैतरणेच्या कांठीं तिळसें येथें देवाचे मासे आहेत. तेथें कोणी जाळें टाकीत नाहीं. लोक कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे वर येतांना पाहून पोरें नाचतात. तेथें परवाना नाहीं आणि मोजपट्टीही नाहीं, तरीही मासा राहिला आहे.

मग मातुःश्रींना उत्तर काय द्यावयाचें? गळाचा माशाला त्रास होत नाहीं, असें पूर्वीं पुष्कळ जण म्हणत. २००३ सालीं लिन स्नेडन आणि त्यांचे सहकारी यांनीं ट्राउट माशांवर प्रयोग करून त्यांच्या तोंडाभोंवतीं पीडेची जाणीव घेणारे मज्जातंतु असल्याचें दाखविलें. त्यावर वाद पुष्कळ झाले व अजूनही होतात. परंतु तेव्हांपासून ‘मुळींच दुखत नाहीं’ हें निःशंकपणें म्हणणें कठीण झालें आहे. गळ घशांत खोल रुतला, तर सोडलेला मासाही वांचेलच अशी खात्री नसते. ज्याचें पोट माशावर आहे त्याला आम्ही बोल लावीत नाहीं. आमचे सारस्वत मित्र आनंदानें खातात, त्यांच्या पंक्तीला बसून आम्ही वरणभात जेवतों. परंतु केवळ करमणुकीसाठीं दुसऱ्याच्या जिवाला ओढून पाहणें, मग तें कितीही हलक्या हातानें असो, आमच्या मनाला पटलें नाहीं. तसें आम्हीं चिरंजीवास सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें. वाद घातला नाहीं, आणि वचनही दिलें नाहीं. तो आतां तीस वर्षांचा आहे. त्यानें वचन द्यावें असा आग्रह आम्हींही धरला नाहीं.

मात्र या एका गोष्टीकरितां त्याचें सारें शिक्षण टाकाऊ ठरवावें, असेंही नव्हे. नियम पाहणारा कोणी नसतांना मोजपट्टी काढणें, पहांटे उठून आपल्या नदीजवळ जाणें आणि तेथें मुकाट्यानें चार तास बसणें, हे गुण आमच्या घरांतील किती मुलांना आम्हीं लावले? मुलें अभ्यासांत हुषार निघावींत म्हणून आपण किती झटतों! परंतु घराच्या मागल्या ओढ्याचें पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें कोणी विचारलें तर पदवीधर मुलगाही तोंडाकडे पाहत राहतो.

परत आल्यावर आम्हीं मातुःश्रींना सर्व वृत्तांत सांगितला. कार्पाचा भाग गाळला नाहीं. त्यांनीं बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, “मोजपट्टी चांगली आहे, ती त्यानें कधीं सोडूं नये. गळाचें त्याचें त्यालाच कळेल. पोरगा झाडाकडे जाऊन या म्हणाला ना? मग कळेल.”

त्यानंतर घरांत एक नवा पाठ सुरू झाला आहे. महिन्यांतील एका रविवारीं सगळीं पोरें घेऊन आम्ही बाहेर पडतों. कधीं करंजी घाटाकडून वृद्धेश्वर, कधीं मढीहून मायंबा. आणि एकदां थेट पैठणचा नाथसागर. १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या या जायकवाडीच्या जलाशयावर १९८६ पासून पक्ष्यांचें अभयारण्य आहे. तेथें भोई मंडळींनीं होडी कांठाला लावून मुलांना रोहू, कटला, मरळ, वांब हे मासे नांवानिशीं ओळखावयास शिकविलें. आमच्या घरच्या मुलांनीं जिवंत मासा जवळून पाहिला तो तेव्हां प्रथम. धाकट्या नातीनें विचारलें, “यांतला मच्छिंद्रनाथांचा कोणता?” भोईदादा हंसून म्हणाले, “तो आम्ही धरीत नाहीं, बाई.”

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुलें आहेत, त्यांनीं येत्या पावसाळ्यांत एवढें करून पाहावें. बरोबर वही, पाण्याची बाटली आणि दशमी असली म्हणजे पुरे. गळाची गरज पडत नाहीं. आमच्या चिरंजीवानें गेल्या पत्रांत एक छायाचित्र पाठविलें आहे. त्यांत नदी आहे, रेड गमचीं झाडें आहेत, आणि मोजपट्टी पिशवींतून डोकावते आहे. काठी होती कीं नव्हती, तें चित्रांत दिसत नाहीं. आणि आम्हींही तें मुद्दाम विचारलेलें नाहीं.